रक्ताच्या थेंबात तीन महिने

मे महिना सरतो, हापूस संपतो, रायवळही संपत येतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात घरातल्या काकांची शुगर तपासायची वेळ येते. काका या बाबतीत मुरलेले असतात. तपासणीच्या आधी पाच-सहा दिवस भात बंद, गोडाला हात नाही, सकाळ-संध्याकाळ चालणं आणि गोळी अगदी वेळेवर. उपाशीपोटीची शुगर येते ११८. काका तो आकडा दोन-चार ठिकाणी फोन करून कळवतात. संध्याकाळी रिपोर्टचं दुसरं पान येतं. त्यावर छापलेलं असतं : एचबीए१सी ८.४ टक्के. दुसऱ्या दिवशी डॉक्टर दोन्ही पानं शेजारी ठेवतात आणि विचारतात, "काका, यंदा आंबा कसा होता?"

रक्त एकाच सकाळी, एकाच शिरेतून काढलेलं. एका तपासणीला आदल्या काही दिवसांचं पथ्य दिसलं, दुसरीने एप्रिल-मेचा हिशेब बाहेर काढला. काकांचा संशय लॅबवर असतो, पण मशीन बहुधा बरोबरच असतं. खरा पेच वेगळा आहे. एप्रिलमधल्या आमरसातली साखर केव्हाच जळून गेली, चरबी होऊन साठली किंवा लघवीवाटे बाहेर पडली. मग जूनमध्ये काढलेल्या रक्ताला ती कळली कशी?

याचं उत्तर शोधायची सुरुवात ज्या संशोधकापासून झाली तो त्या वेळी साखरेच्या मागावर नव्हताच.

क्षणाची शुगर

रक्तातली साखर एका जागी थांबत नाही. निरोगी माणसाची उपाशीपोटी ७० ते १०० मिलिग्रॅम (दर शंभर मिलिलिटर रक्तात), जेवणानंतर थोडी वर, बहुधा १४०च्या आत. मधुमेहात हे चढउतार मोठे होतात. सकाळी १३०, दुपारच्या जेवणानंतर २६०, संध्याकाळी चालून आल्यावर १६०. बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरवर जो आकडा मिळतो तो त्या मिनिटाचा. अर्ध्या तासाने तो खोटा ठरतो असं नाही, पण जुना होतो.

ग्लुकोमीटर घराघरांत यायच्या आधी तर एवढंही नव्हतं. लघवी तपासायची पद्धत होती. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून उकळायचं. साखर नसेल तर निळा रंग तसाच, थोडी असेल तर हिरवट, मग पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी. जुन्या डॉक्टरांना ही रांग अजून पाठ असेल. पण रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेल्याशिवाय मूत्रपिंड ती लघवीत सोडत नाही. म्हणजे १७०वर दिवसभर बसलेल्या माणसाची लघवी स्वच्छ निळी. आणि लघवी मूत्राशयात काही तास साठलेली, त्यामुळे ती नेमकी कोणत्या वेळची साखर दाखवते तेही धड सांगता यायचं नाही.

अशा स्थितीत दोन-तीन महिन्यांनी दाखवायला येणाऱ्या रुग्णाबद्दल डॉक्टरांना काय कळत असेल? एक सकाळ. तीही रुग्णाने आधीपासून तयारी केलेली. मधले सगळे दिवस अंधारात.

तेहरानमधला जास्तीचा पट्टा

सॅम्युएल रहबर यांचा जन्म १९२९चा, इराणमधल्या हमदान शहरातल्या एका ज्यू कुटुंबातला. १९५३मध्ये ते तेहरानमधून डॉक्टर झाले, काही वर्षं दवाखान्यात रुग्ण तपासले आणि नंतर प्रयोगशाळेकडे वळले. त्यांच्या कुतूहलाचा विषय होता हिमोग्लोबिन, म्हणजे तांबड्या पेशींमधलं प्राणवायू वाहून नेणारं प्रथिन. जगभर तेव्हा हिमोग्लोबिनच्या निरनिराळ्या वाणांचा शोध जोरात होता. सिकलसेलच्या आजारात हिमोग्लोबिनमधली एकच कडी बदललेली असते आणि तेवढ्याने पेशीचा आकार विळ्यासारखा होतो, हे कळून फार वर्षं झाली नव्हती. इराणी रुग्णांच्या रक्तात आणखी कोणते वाण आहेत ते रहबर तपासत होते.

तपासायची रीत समजायला सोपी आहे. पातळ, जेलीसारख्या थरावर एका टोकाला रक्तातलं हिमोग्लोबिन ठेवायचं आणि थरातून वीज सोडायची. प्रथिनांवर कमी-अधिक विद्युतभार असतो, त्यामुळे प्रत्येक जात आपापल्या वेगाने सरकते. थोड्या वेळाने पाहिलं तर वेगवेगळ्या जाती वेगवेगळ्या ठिकाणी पट्ट्यांच्या रूपात थांबलेल्या दिसतात. नेहमीच्या हिमोग्लोबिनचा पट्टा ठरलेल्या जागी येतो. वेगळा वाण असेल तर तो पुढे किंवा मागे उमटतो.

काही रुग्णांच्या रक्तात रहबर यांना एक जास्तीचा पट्टा दिसला. आनुवंशिक वाण म्हणावा तर हे रुग्ण एकमेकांच्या नात्यातले नव्हते. त्यांच्यात समान धागा निघाला तो आजाराचा : सगळे मधुमेही. मग त्यांनी मुद्दाम इतर मधुमेहींचं रक्त मागवून तपासलं. तिथेही तोच पट्टा. १९६८मध्ये त्यांनी हे निरीक्षण एका छोट्या शोधनिबंधात छापलं.

या शोधाला 'अपघाताने लागलेला' म्हणायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. पट्टा दिसणं हा योगायोग असेल. पण तो कोणाकोणाच्या रक्तात दिसतोय याची नोंद ठेवून त्या रुग्णांचे केसपेपर काढून वाचणं हे कष्टाचं, कंटाळवाणं काम असतं, आणि ते आपोआप होत नाही.

पुढे रहबर न्यूयॉर्कला अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये हेलन रॅनी यांच्याकडे काम करायला गेले. रॅनी स्वतः सिकलसेलच्या नावाजलेल्या अभ्यासक. १९६९मध्ये तिथून आलेल्या निबंधाने गोष्ट पक्की केली. मधुमेहींच्या रक्तातला तो पट्टा म्हणजे कुठलाही नवा वाण नव्हता. १९५८पासून माहीत असलेला, निरोगी माणसांतही थोड्या प्रमाणात सापडणारा हिमोग्लोबिनचा 'ए१सी' नावाचा भाग होता. मधुमेहींमध्ये तो दुपटीच्या आसपास वाढलेला होता, एवढाच फरक.

पण 'एवढाच' म्हणताना मोठा प्रश्न मागे राहतो. आनुवंशिक नाही, तर हा बदल हिमोग्लोबिनमध्ये होतो कसा?

साखर चिकटते

आपल्या शरीरातल्या बहुतेक रासायनिक क्रिया विकरांच्या म्हणजे एन्झाइमच्या देखरेखीखाली चालतात. कोणता रेणू कुठे जोडायचा, कधी तोडायचा, हे ती ठरवतात. ए१सी मात्र कोणाच्याही देखरेखीविना बनतं. हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीच्या अगदी पहिल्या कडीवर एक मोकळं, नायट्रोजन असलेलं टोक असतं. ग्लुकोजचा रेणू जवळून जाताना त्याची आदळाआदळ या टोकाशी होते आणि कधीतरी तो तिथे अडकतो. सुरुवातीचं हे बंधन सैल असतं. बहुतेक वेळा काही तासांत सुटतंही. पण काही रेणू सुटायच्या आत अणूंची अंतर्गत मांडणी बदलते आणि बंधन पक्कं होतं. एकदा पक्कं झालं की ते हिमोग्लोबिनला जन्मभर सोडत नाही.

या रसायनाचा वर्ग आपण रोज पाहतो. प्रथिनं आणि साखर एकत्र तापली की तपकिरी रंग आणि खमंग वास तयार होतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मेयार यांनी १९१२मध्ये सांगितलं होतं. पावाची कड खरपूस होते ती याच क्रियेने, आणि तासभर आटवलेल्या बासुंदीला जो बदामी रंग चढतो त्यातही हिचाच मोठा हात. भट्टीत जे मिनिटांत होतं ते शरीराच्या ३७ अंशांना आठवडे-महिने लावून होतं. मधुमेहतज्ज्ञांना मेयारचं नाव आठवायला मात्र साठ वर्षं गेली.

हे सगळं तांबड्या पेशीतच का मोजायचं, याची कारणं त्या पेशीच्या घडणीत आहेत. स्नायू किंवा चरबीच्या पेशीत साखर शिरायला इन्सुलिनची मदत लागते. तांबड्या पेशीला ती लागत नाही. तिचं दार ग्लुकोजला कायम उघडं असतं, त्यामुळे बाहेर रक्तात जेवढी साखर तेवढ्याच प्रमाणात आतही. दुसरं, या पेशीला केंद्रक नसतं. ती नवं हिमोग्लोबिन बनवू शकत नाही, जुनं काढून टाकू शकत नाही. अस्थिमज्जेतून निघताना जे घेऊन निघाली त्यावरच तिला आयुष्य काढायचं असतं. आणि तिसरं, ते आयुष्य बऱ्यापैकी ठरलेलं आहे : साधारण १२० दिवस.

हिमोग्लोबिन जन्मतः साखर घेऊन येतं की वाटेत चिकटते, हा वाद बॉस्टनमध्ये फ्रँकलिन बन आणि सहकाऱ्यांनी १९७६मध्ये मिटवला. त्यांनी किरणोत्सारी लोहाची खूण असलेल्या नव्या पेशींचा माग काढला. पेशी नुकत्या बाहेर पडल्या तेव्हा खुणेचं लोह साध्या हिमोग्लोबिनमध्ये दिसत होतं, ए१सीमध्ये जवळपास नाहीच. मग दिवसांमागून दिवस ए१सीमधली खूण हळूहळू वाढत गेली. पेशी जितकी म्हातारी, तितकी तिच्यात साखर चिकटलेली.

विसर्जनाची मिरवणूक

आता एक मिरवणूक डोळ्यांसमोर आणा. गणपती विसर्जनाची, पण १२० दिवस न थांबता चालणारी. दर तासाला नवे लोक पांढरेशुभ्र सदरे घालून तिच्यात सामील होतात आणि तेवढेच जुने लोक घाटावर पोचून बाहेर पडतात. मिरवणुकीवर गुलाल उधळला जातोय. कधी मूठभर, कधी पोतीच्या पोती. सदऱ्यावर पडलेला गुलाल धुवायची सोय नाही.

माणसं म्हणजे तांबड्या पेशी, गुलाल म्हणजे साखर. लॅबमध्ये बाटलीत जे रक्त जातं तो या गर्दीचा एका क्षणी टिपलेला फोटो. त्यात आज सकाळी आलेले कोरे सदरेही असतात आणि चार महिने चाललेले लालभडकही. एकूण कापडापैकी किती टक्के कापड गुलालाने माखलं आहे, हे मोजलं की आला एचबीए१सी. शंभरातल्या साडेआठ हिमोग्लोबिन रेणूंवर साखर चिकटलेली, म्हणजे ८.५ टक्के.

काकांनी शेवटचे सहा दिवस गुलाल जवळजवळ बंद केला. हवा स्वच्छ झाली, म्हणून उपाशीपोटीचा आकडा चांगला आला. पण एप्रिल-मेमध्ये चाललेल्या माणसांचे सदरे कुठे जाणार? सहा दिवसांत मिरवणुकीतली जेमतेम पाच टक्के माणसं बदलतात. बाकी पंचाण्णव टक्के जुनीच.

आणखी एक गोष्ट याच मिरवणुकीतून उलगडते. हा आकडा 'तीन महिन्यांची सरासरी' म्हणून सांगितला जातो, पण तीनही महिन्यांचं वजन सारखं नसतं. काल उधळलेला गुलाल आज दिसणाऱ्या जवळपास प्रत्येक माणसावर पडलेला आहे. शंभर दिवसांपूर्वीचा गुलाल मात्र तेव्हा हजर असलेल्यांवरच पडला, आणि त्यातले बहुतेक घाटावरून घरी गेले. त्यामुळे आकड्याचा जवळपास निम्मा भाग एकट्या शेवटच्या महिन्याचा असतो, आणि दोन महिन्यांहून जुन्या साखरेचा वाटा चौथाईच्या आसपास. औषध बदलल्यावर महिन्याभरातच आकडा बऱ्यापैकी हलतो तो यामुळे, आणि पूर्ण परिणाम दिसायला तीन महिने थांबावं लागतं तेही यामुळेच. दर पंधरा दिवसांनी एचबीए१सी करून घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यात पैसे लॅबचे वाढतात, माहिती फारशी वाढत नाही.

पाच रुग्ण

रहबर यांनी मधुमेह आणि ए१सी यांचं नातं दाखवलं होतं. पण साखर ताब्यात आणली तर ए१सी खाली येतं का? तसं नसेल तर तो मधुमेहाचा नुसता शिक्का, उपचाराला निरुपयोगी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात रोनाल्ड कोएनिग, अँथनी सेरामी आणि सहकाऱ्यांनी हे करून पाहिलं. रुग्णालयात दाखल असलेले पाच मधुमेही घेतले. उपाशीपोटीची सरासरी साखर ३४३, ए१सी सरासरी ९.८ टक्के. इन्सुलिनच्या काटेकोर मात्रेने साखर ८४पर्यंत आणली. ए१सी लगेच हललं नाही. आठवड्यांमागून आठवडे ते उतरत ५.८ टक्क्यांवर आलं. १९७६मध्ये हा निबंध छापून आला. पाच माणसांच्या अभ्यासाने जगभरच्या दवाखान्यांचा रिवाज बदलावा असं क्वचित घडतं.

त्याहून महत्त्वाचं एक भांडण या तपासणीमुळे मिटलं. साखर नियंत्रणात ठेवली तर डोळे आणि मूत्रपिंडं खरोखर वाचतात का, यावर तोवर तज्ज्ञांत एकमत नव्हतं. गुंतागुंत मधुमेहाबरोबर येणारच, साखर कमी-जास्त असण्याशी तिचा संबंध नाही, असं मानणारे मोठमोठे डॉक्टर होते. त्यांना चूक म्हणता येत नव्हतं, कारण वर्षानुवर्षं साखर किती होती हे मोजायचं साधनच नव्हतं. ए१सी आल्यावर ते हाती आलं. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांची दोन गटांत विभागणी झाली. एका गटाचं ए१सी ७च्या आसपास राखलं, दुसऱ्याचं नेहमीच्या उपचाराने ९च्या आसपास राहिलं. कडक नियंत्रणाच्या गटात डोळ्याच्या पडद्याच्या आजाराचा धोका ७६ टक्क्यांनी, मूत्रपिंडाच्या आजाराचा ५० टक्क्यांनी आणि मज्जातंतूंच्या आजाराचा ६० टक्क्यांनी कमी निघाला. टाइप २ मधुमेहासाठी ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८मध्ये आले, त्यांचीही दिशा हीच होती.

साखर हिमोग्लोबिनला चिकटते तशी ती डोळ्याच्या भिंगातल्या, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या, मूत्रपिंडाच्या गाळणीतल्या प्रथिनांनाही चिकटते. ती प्रथिनं १२० दिवसांत बदलली जात नाहीत. काही तर आयुष्यभर तीच राहतात. चिकटलेल्या साखरेची पुढची रासायनिक स्थित्यंतरं होत होत प्रथिनं ताठर होतात, एकमेकांत गुंततात. मधुमेहातल्या हानीची कारणं अनेक आहेत, त्यातलं हे एक मोठं. सेरामी यांनी पुढे याच प्रश्नावर काम केलं. रहबर यांनीही केलं. १९७९च्या क्रांतीनंतर इराण सोडून ते अमेरिकेत गेले आणि कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप या संस्थेत ही साखळी तोडू शकतील अशी रसायनं शोधत राहिले. मोठा मानसन्मान त्यांच्या वाट्याला फार उशिरा आला. २०१२मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने त्यांच्याच नावाचा पुरस्कार त्यांना दिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते वारले.

चौकट : रिपोर्टवरचा आकडा

एचबीए१सी ५.७ टक्क्यांच्या खाली : सामान्य
५.७ ते ६.४ टक्के : मधुमेहाच्या उंबरठ्यावर
६.५ टक्के आणि वर : मधुमेह (लक्षणं नसतील तर दुसऱ्या तपासणीने खात्री करून)

साधारण सरासरी साखर :
६ टक्के म्हणजे १२६
७ टक्के म्हणजे १५४
८ टक्के म्हणजे १८३
९ टक्के म्हणजे २१२
१० टक्के म्हणजे २४०

एक टक्का वाढला म्हणजे सरासरी साखर २९च्या आसपास वाढली. ही तपासणी उपाशीपोटीच करावी लागते असं नाही.

गर्दीच बदलली तर

सदऱ्यावरचा गुलाल दोन गोष्टींवर ठरतो : हवेत गुलाल किती आणि माणूस मिरवणुकीत किती दिवस. आपण पहिली गोष्ट शोधत असतो आणि दुसरी सगळ्यांची सारखीच आहे असं गृहीत धरतो. ती सारखी नसेल तर आकडा फसवतो. आपल्या देशात तर हा फार जपून वापरायचा आकडा आहे, आणि ही बाब दवाखान्यांत जितकी बोलली जायला हवी तितकी बोलली जात नाही असं माझं मत आहे.

लोहाची कमतरता घ्या. शरीरात लोह कमी असेल तर नव्या पेशींची भरती मंदावते, गर्दीत जुने चेहरे जास्त राहतात. साखर तेवढीच असूनही ए१सी वर सरकतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. त्यातल्या कोणाचं ए१सी ५.९ आलं तर साखरेला दोष द्यायचा की लोहाला?

हा प्रश्न पुण्यात प्रत्यक्ष तपासला गेला आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने शंभराहून थोड्या अधिक तरुण-तरुणींची दोन्ही प्रकारे तपासणी केली. ग्लुकोजचं पाणी पाजून, ठरावीक वेळाने साखर मोजून पाहिलं तेव्हा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ७.८ टक्के निघाले. त्याच मंडळींचं ए१सी पाहिलं तर २३.३ टक्के! जवळजवळ तिप्पट. २०१२मध्ये छापलेल्या या अभ्यासात या फरकाचं अंशतः कारण रक्तक्षय आणि लोहाची कमतरता हेच निघालं. वीस-बावीस वर्षांच्या मुलीला 'तुला मधुमेह होऊ घातलाय' असं सांगण्याआधी तिचं हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन बघावं, एवढा तरी बोध डॉक्टरांनी यातून घ्यायला हरकत नाही.

उलट दिशेनेही फसगत होते. पेशी वेळेआधी मरत असतील, तर सदऱ्यांवर गुलाल साचायला अवधीच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार या भागांत सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे. आई-बाप दोघांकडून सिकलसेलचं जनुक आलेल्या रुग्णाच्या पेशी आठवडा-दोन आठवडे, फार तर तीन आठवडे टिकतात. शिवाय त्याच्या रक्तात नेहमीचं 'ए' हिमोग्लोबिनच नसतं, मग ए१सी कशाचं मोजणार? एकाच पालकाकडून जनुक आलेल्या वाहकाच्या पेशी पुरेशा जगतात, पण काही यंत्रं वेगळं हिमोग्लोबिन ओळखताना गोंधळतात. ज्या प्रश्नाच्या मागे लागून रहबर यांना ए१सी सापडलं, तोच प्रश्न असा उलटून त्या तपासणीच्या वाटेत उभा राहतो. थॅलेसेमिया, जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची कमतरता, नुकतंच रक्त चढवलेलं असणं, डायलिसिसवर असताना रक्तवाढीची इंजेक्शनं, या सगळ्यांत आकडा विश्वासाचा राहत नाही.

गरोदरपणातही नवीन पेशी भराभर येतात आणि ए१सी खाली सरकतं. म्हणून गर्भारपणातला मधुमेह शोधायला आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजतात. १४० किंवा त्याहून जास्त आली तर उपचार सुरू.

ए१सीवर भरवसा ठेवता येत नसेल तेव्हा डॉक्टरांकडे दुसरी वाट असते. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनालाही साखर चिकटते. त्याचं तांबड्या पेशींशी देणंघेणं नाही, ते दोन-तीन आठवड्यांचा हिशेब सांगतं.

सरासरीच्या आड

ए१सी अगदी बरोबर असलं तरी ती सरासरीच. दोन माणसांचं ए१सी ७ टक्के. एकाची साखर दिवसभर १३० ते १८०च्या मध्ये फिरते. दुसऱ्याची पहाटे ५५वर घसरते, घाम फुटतो, छाती धडधडते, आणि दुपारी २८०वर जाते. कागदावर दोघे सारखे. इन्सुलिन घेणाऱ्या वयस्कर माणसाच्या बाबतीत तर मला हा आकडा एकटा वाचायला भीती वाटते, कारण त्यांच्या चांगल्या ए१सीमागे कधीकधी रात्री कोणाच्या लक्षात न आलेली घसरण लपलेली असते.

हे उघड करायला आता दंडावर चिकटवायचे सेन्सर आले आहेत. केसाएवढी बारीक तार कातडीखालच्या द्रवात राहते. तिच्यावरचं विकर ग्लुकोजशी क्रिया करतं आणि त्यातून निघणाऱ्या सूक्ष्म विजेवरून दर काही मिनिटांनी साखरेचा अंदाज येतो. रक्तापेक्षा हा द्रव थोडा मागे असतो, म्हणून साखर झपाट्याने बदलत असताना सेन्सर आणि बोटाची सुई यांचे आकडे जुळत नाहीत. त्याने घाबरून जाऊ नये. सेन्सरच्या अहवालात दिवसाचा किती वेळ साखर ७० ते १८०च्या मध्ये होती हे पाहतात. बहुतेक प्रौढांना त्यात ७० टक्क्यांहून जास्त वेळ राहायला सांगितलं जातं. अशक्त, वृद्ध रुग्णांसाठी ही अट सैल करतात.

याच अहवालाच्या कोपऱ्यात 'जीएमआय' नावाचा आणखी एक आकडा छापलेला असतो. सेन्सरने मोजलेल्या सरासरी साखरेवरून ए१सी किती यायला हवं होतं, याचं ते गणित. सरासरी १५४ असेल तर जीएमआय ७ टक्के. आणि बरेचदा लॅबचं ए१सी येतं ७.६ किंवा ६.५. लोक विचारतात, यातलं खरं कोणतं? दोन्ही आपापल्या जागी खरी असू शकतात. सेन्सरने हवेतला गुलाल मोजला, लॅबने सदऱ्यांवरचा. त्यांच्यातला फरक त्या माणसाच्या पेशींच्या वयाबद्दल काही सांगत असतो. पूर्ण निरोगी माणसांमध्येसुद्धा फिरत्या तांबड्या पेशींचं सरासरी वय सुमारे चाळीस ते साठ दिवस असं कमी-जास्त असतं, हे आता माहीत आहे.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले रॉय मल्का, डेव्हिड नेथन आणि जॉन हिगिन्स यांनी २०१६मध्ये या फरकाचा उलटा उपयोग करून दाखवला. आधी काही आठवडे सेन्सर लावून रुग्णाची खरी सरासरी साखर काढायची, तिची ए१सीशी तुलना करून त्या एका माणसाच्या पेशींचं वय अंदाजायचं, आणि पुढच्या प्रत्येक ए१सीमधून तेवढी दुरुस्ती करून साखर वाचायची. या रीतीने सरासरी साखरेच्या अंदाजातली चूक निम्म्याहून जास्त कमी झाली. रोजच्या दवाखान्यात अजून हे गणित कोणी मांडत नाही. पण ज्याच्याकडे पंधरा दिवसांचा सेन्सरचा अहवाल आणि त्याच सुमाराचं ए१सी आहे, त्याने दोन्ही कागद एकत्र घेऊन डॉक्टरांकडे जावं आणि दोहोंत अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक असेल तर तो दाखवून रक्तक्षयाची तपासणी करायची का, एवढं विचारावं.